ओरडणारं घर

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. "मीठ दे" एवढंसुद्धा आम्ही असं म्हणायचो, की नदीपलीकडच्या माणसाला हाक मारतोय असं वाटावं. सुरतेच्या गोडादऱ्यात आमची पत्र्याची एक खोली. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून तशाच खोल्या. आमच्याकडचा शब्दन् शब्द गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळापर्यंत ऐकू जायचा. कारण साधं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, सांच्यावर कामाला होते. सुरतेत पॉवरलूमला सांचा म्हणतात आणि सांचे चालतात त्या शेडला खातं. खात्यातल्या खडखडाटात पाळ्यामागून पाळ्या उभं राहून आबांचे कान गेले होते. पुरते नाही, पण घरात बोलायचं तर त्यांच्या समोर यायचं, तोंड त्यांच्याकडे करायचं आणि छातीतून आवाज काढायचा, हा आमचा नियम होऊन बसला होता. पाठीमागून कुरकुरायची सोय नव्हती. मनातल्या मनात पुटपुटून सुटका नव्हती. जे काय असेल ते समोर उभं राहून मोठ्याने.

रातपाळीच्या आठवड्यात आबा दिवसा झोपायचे. बाकीच्या घरांत बाप झोपला की पोरांना बाहेर हाकलत, भांडी वाजली तरी बायका घाबरत. आमच्याकडे माय खलबत्त्यात मिरच्या कुटायची, दोघे धाकटे भाऊ पाढ्यांवरून मारामारी करायचे, मी फसफसणाऱ्या स्टोव्हला पंप मारायचे आणि मधोमध सतरंजीवर आबा शांत घोरत असायचे. पण घरामागच्या खात्याची लाइट गेली आणि तिथले सांचे थांबले, की ते ताडकन उठून बसत. "काय व्हयनं?" आवाज थांबला की त्यांना वाटे, नक्की काहीतरी बिघडलं. आजही त्यांचं तसंच आहे. मी माझ्या पगारातून त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. एक आठवडा लावलं आणि काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "लोके इतलं फालतू बोलतस, माले माहीतच नव्हतं."

माय दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची. मार्केटमधून गठ्ठे यायचे, ती मांडी घालून बसायची, एका हातात चिकटाची बाटली, दुसऱ्या हातात मेणाची काडी. त्या चिकटाचा वास आमच्या अंथरुणांना, वह्यांना, अगदी कळण्याच्या भाकरीलाही यायचा. तिखट मात्र त्या वासालाही पुरून उरायचं. हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल, कधी शेवेची लालभडक भाजी, आणि ज्या दिवशी कारखान्यांची लाइट बंद असे त्या सुट्टीच्या दिवशी आबा पानात बांधून गरम लोचो, हरभऱ्याच्या डाळीचा मऊ वाफवलेला सुरती पदार्थ, आणत. माय म्हणायची, "हाई काय खानं शे, लहान पोऱ्यासले भरवतस तसं." म्हणायची आणि सगळ्यांत जास्त खायची. मायचं तोंड चालायचं तसा हातही चालायचा. मला तिचे धपाटे पुष्कळ मिळालेत. आमची माय देवाची मूर्ती होती असलं मी लिहिणार नाही, कारण ती नव्हती आणि तिला ते आवडलंही नसतं.

पण आमच्या घरात एक खूण होती. ती आली खात्यातून. खात्यात हाक मारून उपयोग नसतो, म्हणून कारीगर हातांनी बोलतात. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना टेकवायच्या, जणू धागा धरलाय, आणि झटक्यात लांब न्यायच्या. म्हणजे धागा तुटला, सांचा थांबव. मी बरीच लहान होते तेव्हा माझ्या हातून कंदिलाची काच फुटली. आबा नुकतेच पाळीवरून आले होते, त्यांच्या कानात अजून खडखडाट भरलेला. मी रडत काहीतरी सांगत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. शेवटी ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी मला ती खूण शिकवली. काही तुटलं, फुटलं, चुकलं, कुणी काही केलं, तर आधी ही खूण करायची. घरातल्या कुणीही ती केली, की हातातलं काम ठेवायचं, बसायचं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. सांगून होईपर्यंत कुणी हात उचलायचा नाही. मायला हे आधी बिलकूल पटलं नव्हतं. मी खूण केली की ती मेणाची काडी ठेवायची, कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "चाला, कोर्ट भरनं!" पण ती नियम पाळायची. सांगून झाल्यावर धपाटा मिळायचा नाही असं नाही. मिळायचा. पण तो केल्याबद्दल असायचा, सांगितल्याबद्दल कधीच नाही. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता. पाठीला कळत असावा.

आता नळाजवळच्या मंगूमावशीबद्दल सांगते. ती जालन्याकडची, एकटीच राहायची, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलींची लाडकी होती. तिच्याकडे रंगीत टीव्ही होता, फरशी होती, आणि मुली आल्या की ती बरणीतून लिमलेटच्या गोळ्या काढायची. कुणाच्या वेण्या घालून द्यायची, कुणाला टिकलीचं पाकीट. "ये गं बाय माझी," असं इतकं गोड म्हणायची की घरी दिवसभर "ए कार्टे" ऐकणाऱ्या मुलीला तिथून उठावंसं वाटू नये. तिच्या मागच्या दाराने काय चालतं हे मोठ्यांना माहीत होतं. गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे दारू पोटलीतून येते, पोटली म्हणजे प्लास्टिकची छोटी पिशवी. पण मोठी माणसं तिच्याबद्दल पोरांसमोर बोलत नसत. मोठ्यांचं गप्प राहणं तिच्या फार उपयोगाचं होतं.

मी तेव्हा नववीत होते. आमची मराठी शाळा सकाळची. दुपारी घरी यायचं आणि आबांची दिवसपाळी असेल तर त्यांचा डबा खात्यावर पोचवायचा. आमच्या भागात हे मुलींचंच काम होतं. भर उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन, हातात तीन ताळी डबा हलवत मुलींची रांग खात्यांकडे निघायची. माझ्या सोबतीला कायम शेजारच्या खोलीतली संगीता असायची. तिचे वडीलही त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या खात्यात होते. संगीता गणितात माझ्यापेक्षा हुशार, हे मी तेव्हाही मान्य करायचे. सर फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, पण ती हात वर करायची नाही. माझ्या कानात सांगायची आणि मी ते वर्गाला ओरडून सांगायचे. ओरडायची मला सवयच होती.

त्या दुपारी आम्ही नळापाशी आलो तर मंगूमावशी ओट्यावर उभी होती. तिच्या हातात डबा होता, अगदी आमच्यासारखाच. म्हणाली, "छाया, माझी सोन्यासारखी पोर, एवढं काम कर गं. माझा भाचा तुझ्या बापाच्या खात्यामागे पानाच्या टपरीवर बसतो. उपाशी असल. त्याला एवढा डबा दे, आणि रिकामा घेऊन ये." मी घेतला. मोठं माणूस डबा दे म्हणालं तर कोण नाही म्हणतं? दोन हातांत दोन डबे घेऊन चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आबांचा डबा हाताला चटका देतोय आणि मावशीचा थंडगार आहे. वासही नाही. रस्त्यावरचा खड्डा चुकवताना तो हिसकला तर आतून पाणी डचमळल्यासारखा आवाज आला. मी थांबले, खालची कडी सैल केली. त्या वासाला नाव सांगायची गरज नव्हती. शनिवारी संध्याकाळी तो अर्ध्या गल्लीला यायचा.

"उघडू नको," संगीता म्हणाली. ती चकित झालेली नव्हती. मी तिच्या हातांकडे पाहिलं. तिच्याही हातांत दोन डबे होते. गेले कित्येक दिवस ते दोन असायचे, आणि मला वाटायचं एक तिच्या काकाचा.

"तू रोज नेतेस?"

"डब्याला कोण विचारतंय? पोलीस मुलींचे डबे बघत नाहीत."

"नाही म्हण ना मावशीला."

"म्हटलं होतं. तर म्हणाली, बापाला सांगीन की तूच माझ्याकडून मागून नेतेस." संगीताने इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या पप्पांना कळलं तर ते मला जिवंत ठेवणार नाहीत. तुझ्याकडे तर काय, रोजच भांडणं. तुझी शाळा आधी जाईल छाया. गुपचूप दे आणि ये."

शाळा जाईल, हे तिचं खरं होतं. आमच्या गल्लीत मुलीचं नाव कशातही आलं, भले तिचा दोष असो की नसो, पहिली तिची शाळा बंद व्हायची. मग गावी मामाकडे, मग हळद. असं झालेल्या मुली आम्हाला माहीत होत्या. आणि मला शिकायचं होतं. कशासाठी ते नक्की सांगता आलं नसतं, पण साड्यांच्या गठ्ठ्यांवर जे छापील नाव असतं ना, तसल्या एखाद्या ऑफिसात खुर्चीवर बसायचं, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता या वयात मागे वळून पाहते तेव्हा मंगूमावशीची हुशारी दिसते. तिने मुली उगाच निवडल्या नव्हत्या. टीव्हीसमोर बसवून, वेण्या घालताना, ती प्रत्येकीचं घर विचारून घ्यायची. बाप मारतो का, आई काय म्हणते, उशीर झाला तर काय होतं. जी मुलगी घरी सांगू शकणार नाही, ती तिला हवी होती. डबा नेण्यासाठी धीट मुलगी लागत नाही, घाबरलेली लागते. आणि माझ्या बाबतीत तिने विचारायची गरजच मानली नाही. आमच्या घरातला आरडाओरडा तिला रोज ओट्यावर ऐकू येत होता. "कुठे होतीस?", "अभ्यास केला का?", "आणखी एक भाकर घे!" हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं तर कुणालाही वाटेल की या घरात पोरीला फाडून खातात. मावशीने तेच गृहीत धरलं, आणि तिथेच तिची चूक झाली.

मी खात्यापाशी आले. संगीता तिच्या डब्यांसह पुढे निघून गेली. खात्याच्या दारात पाऊल टाकलं की पहिल्यांदा आवाज अंगावर येतो, मग तेलाचा वास, मग उकाडा. सांच्यांच्या रांगा, त्यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत आबा. डोक्याला फडकं, भुवयांवर रुईची धूळ. नेहमी मी डबा दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवून, त्यांनी मान हलवली की निघायचे. त्या दिवशी मी दोन्ही डबे खाली ठेवले. आबांनी पाहिलं आणि मान हलवली. मी गेले नाही. मी दोन्ही चिमट्या एकमेकींना टेकवल्या आणि लांब केल्या.

आबांनी आधी मागे वळून आपल्या सांच्यांकडे पाहिलं. सवयीने. सगळे नीट चालले होते. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि त्यांनी एक सांचा बंद केला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आपल्या वाटणीचे सगळे सांचे त्यांनी भर पाळीत थांबवले. त्या खडखडाटाच्या मध्ये एवढीशी शांत जागा तयार झाली, आणि आजूबाजूचे कारीगर माना वळवून बघायला लागले. मास्तर, म्हणजे खात्याचे मुकादम, धावत आले. त्यांच्यावर शेठचा डोळा असायचा, एक सांचा थांबला तरी ते घामाघूम होत.

"अरे क्या हुआ? कहाँ टूटा?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "घर में," म्हणाले, आणि फडक्याने हात पुसत बाहेर आले.

दारासमोर वाया गेलेल्या सुताच्या गोणी रचलेल्या असत. आबा एका गोणीवर बसले, मला समोर उभं केलं. "पहिलेपाईन सांग." मी सांगायला लागले. आता आबांना सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगायला हवं. भर दुपारी, खात्याच्या दारात, मी दारूच्या पोटल्यांची गोष्ट गळा फाडून सांगत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या एकालाही त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, कारण पाठीमागे बाकीचे सांचे धडधडत होते. ज्या आवाजाने माझ्या बापाचे कान नेले, त्याने त्या दिवशी माझी अब्रू झाकली. मी टीव्हीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, थंड डब्याचं सांगितलं, संगीता नेते हेही सांगितलं. आबांची नजर माझ्या ओठांवर. मध्ये एकदाही त्यांनी मला तोडलं नाही. शेवटी मी म्हणाले, "आबा, माझी शाळा बंद करू नका."

त्यांनी डब्याचं झाकण उचललं, आत पाहिलं, परत लावलं. "भ्यायनी का तू?"

"हो."

"मंग बी सांगं," ते म्हणाले. तरी सांगितलंस, एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं नंतर फक्त एकदाच पाहिलं. मी बी.कॉम. झाले तेव्हा. मी आमच्या गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट, मुलगे धरून. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मास्तरांशी दोन शब्द बोलून आबा माझ्यासोबत निघाले. मावशीचा डबा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. आम्ही गल्लीत आलो तेव्हा नळावर बायका होत्या, मंगूमावशी ओट्यावर पालेभाजी निवडत होती. आबांना बघून ती उठली. आबांनी डबा तिच्या पायाशी ठेवला आणि बोलले. त्यांना वाटत होतं ते साध्या आवाजात बोलतायत.

"मंगूबाई, तुम्हना डबा मन्ही पोरगीकडे चुकीसन उना. परत चुकू नका."

नळावरच्या हंड्यांचे आवाज थांबले.

"अहो भाऊ," मावशी हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "हळू बोला ना, काय हे!"

"हळू माले येत नही," आबा म्हणाले.

हे ते सरळ मनाने म्हणाले होते. पण ते वाक्य आमच्या गल्लीत पुढे कित्येक वर्षं चाललं. कुणी भाजीवाल्याशी वाद घातला तरी शेवटी म्हणायचं, हळू माले येत नही.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मायने सगळं ऐकून घेतलं, नियमाप्रमाणे शेवटपर्यंत, आणि मग तिचा बांध फुटला. आमच्या अहिराणीत शाया म्हणजे शाळा आणि सकाय म्हणजे उद्या. "शाया बंद! सकाय हिले मामाकडे धाडा. ती बाई नागीन शे, तिना मांगे गुंडा शेतस. उद्या पोरीले काही व्हयनं तर?" तिच्या भीतीत काही खोटं नव्हतं. मावशीकडे मोटरसायकलवरून येणारे लोक आम्ही पाहिले होते. पोलीस तिच्याकडे चहा पिऊन जात, तेही पाहिलं होतं.

"शायानी काय करं?" आबा म्हणाले.

"शायानं नही करं, पन लोके काय म्हनतीन?"

"पोरगी तिना डबा लई मन्हाकडे उनी. लोके हाईच म्हनतीन."

"तुम्हले ऐकू येत नही, पन गल्लीले ऐकू येस!" माय किंचाळली. "हळू बोला!"

आणि मग तिची तीच थांबली, कारण ती काय म्हणाली ते तिलाच ऐकू गेलं. धाकटा हसला आणि त्याने एक धपाटा खाल्ला. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सकायबी तूच डबा लई येजो. त्याच रस्तानी."

मला वाटलं होतं ते म्हणतील, आता डबा नको, मीच हॉटेलात खाईन. किंवा दुसरा रस्ता धर, खाडीच्या बाजूने ये. तेव्हा मला त्यांचा राग आला. मला लपायचं होतं. मी काही केलं नव्हतं, तरी लपायचं होतं. आता मी स्वतः दोन पोरं वाढवलीत, शेजारच्या तरुण आया माझ्याकडे येऊन विचारतात, मावशी, मुलगी काही सांगतच नाही, मोबाइल काढून घेऊ का, क्लास बंद करू का. मी त्यांना आबांचं सांगते. पोरीला घरात कोंडलं तर ती एवढंच शिकते की सांगितलं की कोंडतात. पुढच्या वेळी ती सांगत नाही. यासाठी मला कुठलं पुस्तक वाचावं लागलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर संगीता होती.

मावशीच्या ओट्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे पसरली आणि संगीताच्या घरी कुणीतरी तिचं नाव नेलं. आबांनी ते कुणाजवळ काढलं नव्हतं, हे मी त्यांना विचारून घेतलं. तिच्या वडिलांनी तिला काही विचारलं नाही. आधी पट्टा काढला. शेजारी असून आम्हाला तिचा आवाज आला नाही, फक्त पट्ट्याचा आला. ती ओरडलीच नाही. माय मेणाची काडी फेकून धावली, तिच्या दारावर तिने दोन्ही हातांनी थापा मारल्या, आबांनी जाऊन त्या माणसाचा हात धरला. पण आठवडाभरात संगीताला गावी धाडलं. दहावीच्या परीक्षेला मी बसले तेव्हा तिच्या लग्नाचं जेवण होऊन गेलं होतं.

खूप वर्षांनी ती मला नंदुरबारकडे एका लग्नात भेटली. दोघींचे केस पांढरे झालेले. तिची नात मांडीवर झोपली होती. ती म्हणाली, "तुमच्या घरात किती भांडणं व्हायची गं. मला तुझी दया यायची."

मी म्हणाले, "भांडणं कसली? आबांना ऐकू यायचं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "आमच्याकडे पप्पा आले की सगळं चिडीचूप. लोक म्हणायचे, काय शिस्तीचं घर आहे." वाढपी जिलबी घेऊन आला, आम्ही दोघींनी ताट पुढे केलं.

मावशीचा डबा परत केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आबांचा डबा घेतला. दाराशी उभी राहिले. मायने साड्यांचा गठ्ठा बाजूला सारला, पदर खोचला, हातांचा चिकट न धुताच उठली आणि म्हणाली, "चाल पुढे." पहिल्या दिवशी ती माझ्यामागे पार खात्याच्या कोपऱ्यापर्यंत आली. आबा तिला असं कर म्हणाले नव्हते. तिने तिचं तिचं ठरवलं होतं. पुढच्या दिवसांत ती नळापर्यंत यायची, मग आमच्याच दारात उभी राहायची, आणि मग कधीतरी मी मागे वळून पाहिलं तर ती आत बसून टिकल्या लावत होती. मी एकटी चालत होते आणि मला ते कळलंही नव्हतं. तिने मला असं हळूहळू सोडलं, हळू काहीच न करणाऱ्या माझ्या मायने.

पण त्या पहिल्या दिवशी ती मागे होती. मंगूमावशी ओट्यावर बसलेली, नळावर बायका. आम्ही जवळ आलो तशी मावशी बायकांकडे बघत म्हणाली, "आल्या बॅरिस्टरबाई! डब्यात काय आहे ते विचारा गं, आता तिला वास घ्यायची सवय लागलीय."

दोन बायका हसल्या. मागून मायच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती हात उगारून पुढे येत होती. मी हात मागे करून तिला थांबवलं. मी नळापाशी मधोमध उभी राहिले, डब्याच्या कड्या काढल्या आणि एकेक ताळ उघडून दाखवलं. "भाकर. वरण. वांग्याची भाजी. आणखी कुणाला बघायचंय?" आमच्या घरातल्या आवाजात म्हणाले. हंड्यातलं पाणी वाहून जात होतं, कुणी नळ बंद करेना. एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "वांगी कुठली गं? गावाकडची दिसतात." "गावाकडचीच," माय मागून म्हणाली. आणि मग बायकांचं वांग्यांवरच सुरू झालं. मावशी आत गेली. तिने दार लावलं. पावसाळा लागायच्या आत ती गल्ली सोडून गेली, कुठे ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या तरी नळाजवळ बसली असेल.

खात्यात आबांचे सगळे सांचे चालू होते. त्यांनी मला दारात पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. हात साधे होते. मग ते आले, कट्ट्यावर बसले, भाकरी मोडून वरणात बुडवली आणि पहिला घास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही विचारतील, रस्त्यात काय झालं म्हणतील, शाबासकी देतील. त्यांनी घास गिळला, वरणाकडे पाहिलं आणि त्या सगळ्या खडखडाटावरून मला ऐकू येईल असं म्हणाले, "मायले सांगजो, मीठ कमी पडनं."

वरण करताना मायची नजर सारखी दाराकडे जात होती, ते मी पाहिलं होतं. "सांगते," मी ओरडले, रिकामा डबा उचलला आणि त्याच रस्त्याने घरी निघाले. दुपारच्या अभ्यासाला उशीर होत होता.